अक्काचे खालचे दोन दात

गच्चीगच्चीवर ओली धोतरं अंथरली गेली आणि त्यांवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळायला लागले, की मला धुळ्याहून फोन येतो. यंदाही आला. मी शिकले त्या कॉलेजातली दुसऱ्या वर्षाची मुलगी, वैष्णवी. मी तिला कधी पाहिलेलं नाही. माझा नंबर तिथल्या मुलींत जुन्या गाईडसारखा हातोहात फिरत असतो.

"ताई, तुमच्या क्लिनिकला किटणवाला पेशंट आलाय का कोणी? भरपूर किटण पाहिजे."

"येतात की."

"मग साफ नका ना करू. आमच्याकडे पाठवा. प्रॅक्टिकल आहे."

जळगावच्या या क्लिनिकात मी दात साफ करते. डेंटल हायजिनिस्ट असं माझ्या कामाचं नाव. दातांवर चढलेलं दगडासारखं किटण खरवडून काढायचं, हिरड्या तपासायच्या, ब्रश कसा धरायचा ते दाखवायचं. फोन आला तेव्हा खुर्चीत एक माणूस तोंड उघडून पडलेला होता. जवळच्या असोद्याचा, केळीच्या गाड्या भरणारा. खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटणाची अशी भिंत, की दात वेगळे मोजता येईनात. वैष्णवीला हवा होता तसाच. मी तिला म्हटलं, पाच मिनिटांनी सांगते. आणि आरसा हातात धरून तशीच उभी राहिले. दर वर्षी या दिवसांत माझं असं होतं. उत्तर जिभेवर येतं आणि तिथेच वळून परत जातं.

मला असं अडखळायची सवय नव्हती. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे वडील, नाना, भुसावळला रेल्वेत होते आणि युनियनची, वस्तीच्या विहाराची, नळाच्या पाण्याच्या मोर्चाची, सगळी पत्रकं आमच्याच घरी लिहिली जायची. खाटेखाली गठ्ठे असायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच गठ्ठ्यांवर. 'जागे व्हा', 'जाब विचारा', 'आता माघार नाही'. पाठ्यपुस्तकातली वाक्यं मला त्यापुढे झोपाळू वाटायची. नववीत मी पहिलं पत्रक लिहिलं, शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून. नानांनी एकच शब्द खोडला. 'कदाचित'. म्हणाले, "बेटा, पत्रकात कदाचित नसतं. कदाचित असेल तर पत्रक काढू नये."

हा नियम मला फार दिवस पुरला. धुळ्याला जाईपर्यंत.

डॉक्टरकीला लागतात तेवढे मार्क मला मिळाले नाहीत. मग हा कोर्स सापडला. नाना आधी कॉलनीत सांगत सुटले, "पोरगी दातांची डॉक्टर होतेय." मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "डॉक्टर नाही नाना. दातांची सफाई." त्या शब्दावर त्यांची चहाची बशी ओठांशीच थांबली. आजोबांनी गावकीची कामं सोडून, झाडू आणि मेलेली ढोरं मागे टाकून रेल्वे धरली, ही आमच्या घराची गोष्ट आहे. ती आम्हाला शेजारच्या घरी रामायण सांगावं तशी सांगितलेली. बशी खाली ठेवून नाना म्हणाले, "शिकून पुन्हा साफसफाईच का गं?" मी उभ्या उभ्या भाषण केलं. श्रमाची लाज वाटायला नको, लाज वाटायला हवी ती श्रम वाटून देणाऱ्यांना, वगैरे. चांगलं झालं भाषण. त्यांना पटलं. मला पटलं की नाही, हे मी तेव्हा तपासलं नाही, आणि आता तपासायला गेले की दोन्ही उत्तरं खरी निघतात.

धुळ्यात खोली मिळाली ती सुमनअक्काच्या घरातली, जिन्याखालची. अक्का जवळच्याच खेड्यातून आलेली, शेतकरी घरातली, नवरा गेलेला, मुलगी संगी लग्न होऊन सुरतेला. राहायला गेले त्याच दिवशी तिने विचारलं, "तुम्ही कोनता व पोरी?" मी तिच्याकडे सरळ बघत सांगितलं, बौद्ध. ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ मी आठवडाभर लावत होते. पुढच्या आठवड्यात गल्लीत बिबड्यांचा घाटा शिजला, ज्वारीच्या पिठाचा, तीळ-लसूण-मिरची घातलेला, आणि पहिली गरम वाटी जिन्याखाली आली. अर्थ तरीही नक्की लागला नाही. गरम घाट्याने जीभ मात्र भाजली.

उन्हाळ्यात धुळ्याची सकाळच तेवढी माणसांची असते. नंतर दिवस उन्हाचा. कूलरच्या वाळ्याला पाण्याचा वास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हणून गल्लीतल्या बाया उजाडायच्या आत गच्चीवर चढायच्या. शिजलेला घाटा, पाण्यात बुडवलेले हात, ओल्या धोतरावर थापलेले गोल. आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी वाळलेले बिबडे सोलून काढले, की सगळे अक्कासमोर यायचे. अक्का प्रत्येक घाण्यातला एक उचलायची, पुढच्या दातांत धरायची आणि तोडायची. कट असा आवाज आला तर घाणा वाळला, डब्यात जाणार. आवाज दबला तर पुन्हा उन्हात. गल्लीतल्या इतर बाया हाताने मोडून बघू शकल्या असत्या. बघत नसत. अक्काच्या दातांखालून गेल्याशिवाय बिबडा डब्यात जायचा नाही, असा रिवाजच होता. त्या दिवसांत अक्का आपल्या घराच्या ओट्यावर बसायची ती तालुक्याच्या मामलेदारासारखी.

आणि ते दात काळे होते. अक्का मिश्री लावायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड, सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर. त्या जळक्या वासाने माझी सकाळ व्हायची. वर्गात आम्हाला मिश्रीने हिरड्यांचं काय होतं याची चित्रं दाखवत, आणि मला त्या चित्रांतून अक्का बघते आहे असं वाटे.

गावोगावच्या तपासणी शिबिरासाठी पत्रक लिहायचं होतं. वर्गात ते काम दुसऱ्या कुणाकडे जाणार? मी एका बैठकीत लिहिलं. त्यात जाड ठशात एक वाक्य होतं: 'दात साफ केल्याने दात हलतात, हा निव्वळ गैरसमज आहे.' कदाचित नव्हतं. उरलेल्या प्रती मी घरी आणल्या. एक अक्काच्या मोरीजवळ चिकटवली. बाकीच्या प्रती गल्लीतल्या बायांनी कुरडया वाळत घालायला नेल्या. पुढे आठवडाभर माझा गैरसमज-निर्मूलनाचा मजकूर कुरडयांच्या पाठीवर उलटा उमटलेला होता. कुणी तो वाचला असेल तर जेवताना.

मग परीक्षेचा मोसम आला. त्याची रीत अशी, की प्रॅक्टिकलला प्रत्येकीने आपला पेशंट आपणच आणायचा. आणि त्याच्या दातांवर पुरेसं किटण हवं, नाहीतर परीक्षक बघणार काय? त्या दिवसांत आम्ही मुली माणसांकडे कशा बघायचो ते आठवलं की आजही मला हसू येतं आणि रागही येतो. स्टँडवर कुणी खदखदून हसलं की आम्ही त्याच्या तोंडात. भाजीवाली भाव सांगते आहे आणि माझी मैत्रीण रेश्मा कोपराने ढोसते आहे, "बघ बघ, खालचे बघ." जितकं तोंड खराब तितकी 'केस' चांगली. "माझी केस एकदम भारी आहे," अशी फुशारकी चाले. पेशंट पळवण्यावरून दोघींची बोलाचाली बंद झाली. आणि एकदा चांगली केस मिळाली, की तिला बजावायचं: परीक्षेपर्यंत कुठेही साफ करून घेऊ नका. आरोग्य शिकायला आलेल्या पोरी माणसांना हात जोडून सांगत होत्या, एवढे दिवस तुमची घाण जपा. यावर पत्रक निघायला हवं होतं. मी नाही लिहिलं. मी पण केस शोधत होते.

माझी केस जिन्यावरच राहत होती. अक्का लगेच तयार झाली.

"दुखी का व?"

"थोडं सळसळेल."

"तुनी परीक्षा शे ना? मंग चाल." मग रिक्षात बसल्यावर एकदम, "तू त्या पोरीले फोनवर सांगस, मनी केस, मनी केस. मी केस शे का व? मी सुमन शे."

रिक्षावाला आरशातून हसला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

कॉलेजात आमच्या मॅडमनी तिला आधी तपासलं. अक्का खुर्चीत आडवी, तोंड उघडं, आणि तिच्या हिरडीवर माझी बोटं. आमच्या आजोबांना जिथे पाण्याच्या घागरीला हात लावू देत नसत, तिथे त्यांची नात अशाच एका घरातल्या बाईच्या तोंडात हात घालून उभी आहे. या वाक्याने मला अभिमानाने भरून यायला पाहिजे होतं. पण मधे हातमोजे होते. ते जंतूंसाठी होते, दोघींच्याही भल्याचे होते, आणि तरी माझ्या डोक्यात ते मधे होते. हा विचार मी तिथेच थांबवला, कारण मॅडम बोलत होत्या.

"हे खालचे मधले दोन बघ. हाड खाली गेलंय. हे दात केव्हाच सुटलेत. किटणाने धरून ठेवलेत फक्त. ते काढलंस की हलायला लागतील."

"आणि नाही काढलं तर?"

"नाही काढलं तर हिरडी आणखी खाली जाईल. शेजारचे पण सुटतील. काढायलाच पाहिजे." मग मान हलवून म्हणाल्या, "परीक्षेला एकदम छान केस आहे."

अक्काचं तोंड उघडं होतं, मॅडमचं बोट त्यात होतं. तिला ऐकू गेलं असेल, पण इंग्रजी-मराठीच्या त्या मिसळीतून काय पोचलं कोण जाणे. मी मॅडमना बाहेर गाठून विचारलं, हे तिला सांगायचं ना? मॅडम वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "सांगायला पाहिजे. पण आता सांगशील तर बाई येणार नाही बघ. आणि परीक्षा किती जवळ आलीय. तुझं तू ठरव."

ठरवणं हा तर माझा घरचा धंदा. तरी मी त्या दुपारी कॉटवर पडून होते आणि मला काही ठरवता येत नव्हतं. माझं पत्रक खरं होतं. साफ केल्याने दात हलत नाहीत, ते आधीच रोगाने सुटलेले असतात. आणि अक्काचा दात मी साफ केल्यावरच हलणार होता. म्हणजे जो गैरसमज मी जाड ठशात खोडला होता, तो अक्काला तिच्याच जिभेने खरा वाटणार होता. सांगितलं आणि ती नाही म्हणाली, तर नवीन पेशंट कुठून आणू? नसेल तर परीक्षा गेली. आणि नाही सांगितलं तर? तर मग 'जाब विचारा' हे नुसतं दुसऱ्यांना सांगायचं होतं का?

मी नानांना फोन केला. पत्रकासारखं उत्तर मिळेल म्हणून.

"जय भीम बेटा. खरं काय ते सांगून टाक तिला," ते ताबडतोब म्हणाले. मग जरा वेळाने, "पण परीक्षा?" मग आणखी वेळाने, "त्या बाईचं जेवणखाण कसं होईल गं?" मी पहिल्यांदाच नानांना असं एका वाक्यावरून दुसऱ्यावर जाताना ऐकत होते. शेवटी म्हणाले, "युनियनमध्ये चुकीचं पत्रक गेलं तर आम्ही दुरुस्तीचं काढायचो. त्याच लोकांना, त्याच गेटवर, हातात द्यायचो. तेवढं कर."

"पण नाना, ते चुकीचं नाहीच आहे."

"मग अर्धं असेल."

मी दुरुस्तीचं पत्रक लिहायला बसले. प्रत्येक वाक्यात 'पण' यायचा. 'पण'ने भरलेला कागद कुणाच्या हातात देणार? तो चुरगाळला आणि सकाळी ऊन वर आल्यावर गच्चीवर गेले.

बाया खाली गेल्या होत्या. अक्का एकटी बिबडे सोलत होती. मी बाजूला बसून सोलू लागले आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. कोणते दोन, ते का सुटले, किटण काढल्यावर काय होईल, न काढल्यास काय. माझ्या परीक्षेचंही. अक्का ऐकत होती की नाही कळेना. तिने एक बिबडा उचलला, त्याच दोन दातांत धरला. कट.

"आज तं चांगला वाजना," ती म्हणाली.

मी पुढचा बिबडा सोलला.

"म्हंजे साफ करं तरी हालतीन, नही करं तरी हालतीन."

"हो. पण साफ केलं तर बाकीचे वाचतील."

"मंग तू माले इचारस कसाले?"

"तोंड तुमचं आहे म्हणून."

"ते माले माहीत शे, माय." ती चिडली होती का? तिने धोतर झटकलं. ज्वारीचे कण उन्हात उडाले. "आखाजीले संगी येई. तिना सासरना बिबडा बी मीच धाडस. गल्लीना बठ्ठा बिबडा मना दातखाल पास होतस, मंग डबामा जातस. आखाजीपावत माले ते दोन दात पाहिजेत."

परीक्षा आखाजीच्या आधी होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. माहेरवाशिणींचा सण, झोके, गाणी, आणि उन्हाळी वाळवणाचा शेवट. मी म्हटलं, "बरं." तेवढंच. आता माझं 'बरं' तिला किती दिवस लावत बसावं लागलं, मला ठाऊक नाही.

नवा पेशंट मिळाला नाही. सगळी चांगली तोंडं वाटली गेली होती. प्रॅक्टिकलच्या सकाळी मी पांढरा कोट इस्त्री करून जिना उतरले, नुसती जाऊन हजेरी लावायची म्हणून. अक्का दारात नऊवारी बदलून, डोक्याला तेल लावून उभी.

"ते दोन सोडी दे," ती म्हणाली. "बाकी बठ्ठा घासी टाक."

"असं अर्धं चालत नाही अक्का. मार्क जातात."

"तुना जातीन. मना दात तं ऱ्हातीन." आणि ती रिक्षात जाऊन बसली.

मी तिचं तोंड साफ केलं. वरचं सगळं, खालचं दोन्ही बाजूंनी, आणि मधे ते दोन काळे, किटणात रुतलेले, हात न लावलेले. बाहेरून आलेले परीक्षक सावकाश गृहस्थ होते. त्यांनी आरसा घातला, बराच वेळ बघितलं. "बाई, काही त्रास?" त्यांनी अक्काला विचारलं. अक्काच्या तोंडात आरसा, नळी आणि त्यांचं बोट. तिने फक्त डोळे फिरवले. हे मला तेव्हा लख्ख दिसलं. आम्ही माणसाचं तोंड भरतो आणि मग त्याला प्रश्न विचारतो.

मग त्यांनी मला विचारलं, "हे दोन राहिले कसे?"

"त्या नको म्हणाल्या, सर."

"का?"

मी बिबड्यांचं सांगितलं. आखाजीचं, सुरतेच्या डब्याचंही. रेश्मा मागे फिसकन हसली. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं. मी काठावर पास झाले. त्या दोन दातांचे मार्क कापल्यामुळे काठावर आले, की त्या दोन दातांमुळेच काठाच्या आत राहिले, हे मला आजवर कळलेलं नाही.

आखाजी झाली. संगी आली, झोका बांधला, डबे भरले गेले, ती गेली. त्यानंतर एका सकाळी अक्का स्वतःहून म्हणाली, "आते काढ." मी कॉलेजात नेऊन ते दोन साफ केले. मॅडम बाजूला उभ्या होत्या. अक्काने खुर्चीतून उठून जीभ फिरवली. दात हलले. रिक्षात रस्ताभर तिची जीभ तिथेच चालली होती, गालावरून दिसत होतं.

त्यातला एक पुढे पडला. दुसरा आहे. शेजारचे घट्ट आहेत. मिश्री तिने सोडली असं ती सांगते. कधीमधी तिच्या लुगड्याला तो वास येतो आणि मी विचारत नाही. पडलेल्या दाताबद्दल तिची दोन मतं आहेत. रागात असली की म्हणते, "तू लई गयी मना दात." बरी असली की म्हणते, "त्याना तो गया. जावानाच व्हता." मी दोन्ही ऐकून घेते. दोन्ही वेळा ती खरं बोलते असं मला वाटतं, आणि अशा वाटण्याचं करायचं काय, ते मला कुठल्याच गठ्ठ्यात छापलेलं सापडलेलं नाही.

दर उन्हाळ्यात धुळ्याहून येणाऱ्या एसटीतून ती मला डबा पाठवते. सगळ्यात वर तो बिबडा असतो, ज्याचा तिने घास तोडलेला असतो. घाणा पास झाल्याची तिची खूण. आधीच्या उन्हाळ्यांत त्याची तुटलेली कड सरळ असायची. आता मधोमध एक छोटं टोक उरलेलं असतं. तिथे दात नाही. काल आलेला डबा क्लिनिकच्या खिडकीत आहे. रात्री अक्काचा फोन आला होता, एवढंच विचारायला: "वाजना का?" म्हटलं, वाजला.

फोन पुन्हा वाजतो आहे. वैष्णवी. "ताई, आहे ना पेशंट? पाठवताय ना?" तिच्या आवाजात मला मीच ऐकू येते, स्टँडवर लोकांच्या तोंडात बघणारी. तिला ओरडावं, तर तिचं काय चुकलं? हो म्हणावं, तर या माणसाचं काय? खुर्चीतल्या माणसाचे डोळे माझ्याकडे लागले आहेत. तोंड उघडं, नळी आत, छातीवर कागदी रुमाल. किटणाच्या भिंतीमागे त्याचेही खालचे दोन दात सुटलेले आहेत. मी आरसा लावला तेव्हाच ते दिसलं होतं.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"काय विचारणार त्यांना?"

ते मला अजून जुळवता आलेलं नव्हतं. मी फोन ठेवला, नळी बाजूला केली, हातमोजे काढले. खुर्चीचं बटण दाबलं आणि ती सावकाश वर येऊ दिली, तो माणूस माझ्यासमोर सरळ बसेपर्यंत. त्याने तोंड मिटलं, रुमालाने ओठ पुसले.

"काय झालं, मॅडम?" त्याने विचारलं.

मी समोर स्टूल ओढून बसले आणि बोलायला सुरुवात केली.